संगमरवरी सवत

शिल्पकाराच्या दुसऱ्या बायकोच्या डोळ्यांत अंगणातला तो चेहरा खुपत होता. पहिली बायको गेल्यावर शिल्पकाराने तो संगमरवरात घडवला होता, आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन तो आधी त्याच्यापाशी जाई.

"धुरामुळे पाऊस आंबट झालाय," तो एकदा म्हणाला. "तसल्या पाण्यात संगमरवर विरघळतो. बाकीच्या मूर्तींची नाकं झिजली बघ. हिच्यावर मात्र ओरखडासुद्धा नाही."

'मेली तरी सवत ती सवतच,' ती मनात म्हणाली.

तो बाहेर पडला की ती फरशी धुवायचं ॲसिड ब्रशने त्या चेहऱ्यावर लावू लागली. दगड फसफसे, पांढरं पाणी हनुवटीवरून ओघळे, आणि तिच्या जिवाला गारवा वाटे.

पण फेस धुतल्यावर चेहरा झिजलेला दिसेना. उलट तो जास्तच उघडत चालला. आधी पापण्यांचे केस दिसले. मग गालावर तीळ आला.

"अगं, हा तीळ तर मी कोरायचाच विसरलो होतो!" नवरा हरखून म्हणाला.

ते ऐकून तिचा तिळपापड झाला. दुपारी तो आत आडवा झाल्यावर तिने अख्खी बाटली चेहऱ्यावर रिकामी केली.

फेस बसला तेव्हा दगडाचे ओठ विलग झाले होते. आत दात होते, आणि त्यांच्यामागे ओली जीभ.

"आलो गं, राणी!" घरातून नवऱ्याने ओ दिली.

तिने हाक मारलीच नव्हती. आणि तिला तो कधीच राणी म्हणत नसे.