वाकुलीकनंतरची पहिली मॅच

पाहुण्या संघानं एक तरी गोल मारावा, म्हणून लुबोश वाकुलीक देव पाण्यात घालून बसला होता. तेही आपल्याच गावाच्या संघाविरुद्ध.

मंगळवारपर्यंत तो या आइस हॉकी संघाचा कोच होता. मंगळवारी सकाळी क्लबच्या अध्यक्षांनी त्याला बोलावलं, टेबलाकडे बघत “संघाला नवी चालना हवी आहे” असं म्हटलं, आणि सलामी सॉसेज, कॉफी नि डब्यातला अननस भरलेली टोपली हातात देऊन त्याची बोळवण केली. त्याच्या जागी नेमलं राडिमला. राडिम म्हणजे त्याचाच साहाय्यक. सहा वर्षं त्याच्या मागे उभं राहून मान डोलावणारा. वाकुलीकनंच त्याला नोकरीला लावलं होतं.

आज शुक्रवार, राडिमची पहिली मॅच. संघ हरला, तर दोष कोचचा नव्हता, खेळाडूच दगड होते, हे गावभर सिद्ध होणार होतं. जिंकला, तर काय सिद्ध होईल, याचा विचार वाकुलीक करत नव्हता. भुवयांपर्यंत टोपी आणि नाकापर्यंत गळपट्टा ओढून तो बाराव्या रांगेत बसला होता. आयुष्यभर त्यानं बर्फ पाहिला तो खालून, खेळाडूंच्या बाकामागून. इथून वरून हॉकी फारच सोपी दिसते, याचाही त्याला राग आला.

शेजारी ब्लाझेना होती. तीस वर्षं शाळेच्या खानावळीत वाढायची पळी चालवलेली बाई. संघातल्या निम्म्या पोरांना तिनंच जेवायला वाढलेलं. मांडीवरच्या कागदात सॉसेज, पाव आणि मोहरीची चटणी, आणि हातात संघाला चेतवायची दणदणीत घंटा.

“या रांगेत पहिल्यांदाच?” तिनं विचारलं.

“हं,” गळपट्ट्यातून उत्तर गेलं.

“बरं केलंत. मागच्या आठवड्यात आला असतात, तर संध्याकाळ फुकट गेली असती. तो वाकुलीक होता ना तेव्हा.”

“इतका वाईट होता?”

“अहो, आमच्या खानावळीतल्या सुपाला त्याच्याहून जास्त हॉकी कळत होती!” मग जरा थांबून ती म्हणाली, “माणूस वाईट नव्हता हो. पण बाकामागे उभा राहून सारखा कोकलायचा. पास दिला तरी कोकल, नाही दिला तरी कोकल. इथं बाराव्या रांगेत माझ्या घशाखाली घास उतरत नसे, तर त्या पोरांचं काय होत असेल?”

टोपीखाली वाकुलीकचे कान तापले. “आणि ते ‘कोचला हाकला’ असं ओरडायचं कोण?”

“मीच,” ती अभिमानानं म्हणाली. “माझा आवाज खालपर्यंत पोचतो.”

पोचत होता. वाकुलीकला तो आता ओळखू आला.

देवांनी काही ऐकलं नाही. पहिल्या भागात गावानं एक गोल मारला, दुसऱ्यात आणखी एक. गोल झाला की प्रेक्षकांची सगळी बाजू उभी राही आणि बाराव्या रांगेत एकच माणूस पोटात दुखल्यासारखा बसून असे. खाली राडिम कोटाच्या खिशात हात घालून गप्प उभा होता. “अरे, ओरड की गाढवा!” वाकुलीक दातओठ खात पुटपुटला. “श्टेपान झोपलाय तिकडे!”

श्टेपान म्हणजे कप्तान, आणि तो मुळीच झोपला नव्हता. शेवटच्या भागात पाहुण्यांचा एक खेळाडू आडवी काठी घातल्याबद्दल शिक्षेच्या बाकावर गेला. पाच विरुद्ध चार. श्टेपान रबरी चकती घेऊन पाहुण्यांच्या गोलमागे गेला आणि थांबला. पाहुणे सगळे डावीकडे सरकले, तरी थांबला.

वाकुलीक पुढे झुकला. हा डाव त्याचा होता. चार महिने रोज सकाळी त्यानं तो करून घेतला होता, घसा बसेपर्यंत. सरावात जमायचा, मॅचमध्ये एकदाही जमला नव्हता. दरवेळी ऐन क्षणी श्टेपान आपल्या बाकाकडे चोरून बघायचा, आणि तेवढ्यात चकती जायची.

आज श्टेपाननं बाकाकडे बघितलंच नाही. त्यानं चकती सावकाश उजवीकडे सोडली. तिथे आपला बचावपटू मोकळा उभा होता. त्यानं काठी उचलली, आणि तीन-शून्य.

वाकुलीक उडालाच. दोन्ही हात वर, तोंडातून नुसती आरोळी. मॅच कोणी हरायला हवी होती हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा तो ब्लाझेनाला मिठी मारून उभा होता.

चहूकडून “राडिम! राडिम!” सुरू झालं. ते मात्र त्याला सोसवेना. डोळ्यांत पाणी आलं.

“हा डाव राडिमचा नाही!” तो तिच्या कानात ओरडला. “वाकुलीकचा आहे! चार महिने घोटून घेतलाय त्यानं. सगळं त्यानं शिकवलंय यांना, सगळं!”

ब्लाझेनानं घंटा बाकावर ठेवली. अंगठ्यावरची मोहरी चाटली. मग त्याच्याकडे वळून, आजारी माणसाशी बोलावं तशा मायेनं ती म्हणाली,

“ठाऊक आहे. मग जायला इतका उशीर का केलात, कोच?”