बहुतेक

"बहुतेक येतील!" वखारवाला सायकलवरूनच ओरडला आणि वळणावर दिसेनासा झाला.

धाकटा सुतार हातात पटाशी धरून दारातच उभा राहिला. वाटण्या झाल्यापासून दादांनी त्याच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. "तू आणि तुझी कामं, सुखात राहा," एवढं बोलून गेलेला थोरला भाऊ परत म्हणून फिरकला नव्हता. आता मागच्या अंगणात नवी शेड उभी राहिली, तेव्हा धाकट्याने मन घट्ट करून वखारवाल्याच्या तोंडी दादांना घरच्यांसह जेवायला यायचा निरोप धाडला होता.

"बहुतेक म्हणजे किती हो?" बायकोने आतून विचारलं. "तुमच्या बहुतेकएवढं असेल, तर मी तांदूळ वाढवत नाही. बहुतेक रविवारी करतो म्हणालात, ते कपाट अजून बिनदाराचं आहे."

"दादांचं तसं नसतं. त्यांना यायचं नसेल तर ते सरळ नाही म्हणतात."

"मग यायचं असेल तर सरळ हो म्हणायला काय होतं?"

धाकट्याने हातांची खुर्ची पुसली, पुन्हा पुसली. रस्त्यावर पाऊल वाजलं की तो दारात जाऊन बघायचा.

दुपारी दार वाजलं. वहिनी, दोन्ही पुतणे, धाकटी सून आणि तिच्या कडेवर बाळ. धाकट्याने सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता.

"असे काय बघता भाऊजी?" वहिनी हसल्या. "बहुतेक येऊ, असं सांगितलं होतं की त्या वखारवाल्याला!"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. ते बहुतेक दादांचं नव्हतंच. घरातले बहुतेक जण येणार होते, ते आले. राहायचे ते राहिले.

त्याने ठोकळ्यांवर फळी टाकून बसायला बाक केला. बायकोने भाताचं दुसरं आधण ठेवलं. पुतणे मोठमोठ्याने बोलत होते. बाळाने काकाआजोबांच्या कानावरची पेन्सिल ओढून तोंडात घातली, तसं त्याला हसू फुटलं. एवढी माणसं आली, हेही काही थोडं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं.

"थोरल्या सुनेला रजाच मिळाली नाही," वहिनी म्हणाल्या. "फार हळहळली बिचारी. तेवढी एकटीच राहिली बघा."

पाणी ओतता ओतता धाकट्याचा हात थांबला. "एकटीच? मग दादा?"

"अगंबाई, तुम्हाला भेटले नाहीत? ते मागच्या बाजूने आत शिरले. म्हणाले, आधी शेड बघतो."

तेवढ्यात अंगणातून जुना, ओळखीचा, खणखणीत आवाज आला, "ए धाकट्या! हे दार बसवलं कुणी रे? खाली घासतंय! जेवण राहू दे, रंधा घेऊन ये आधी!"