फोनमधल्या डॉक्टरीणबाई

गयाबाई पायाची पट्टी सोडू देईनात. "कालच सगळं सांगितलं की तुम्हाला. तुम्हीच म्हणालात, काळजी करू नका."

डॉ. मृणाल ढवळे यांनी पट्टीवरचा हात मागे घेतला. काल गयाबाईंशी फोनवर बोलली होती ती त्यांच्या चॅनेलवरची, एआयनं बनवलेली प्रतिमा. तिचा चेहरा त्यांचाच होता, आवाजही त्यांचाच. ती एकाच वेळी हजारो लोकांशी बोलायची. तिच्यामुळेच दवाखान्याचं नाव झालं होतं, आणि आता बाहेरच्या बाकावरची माणसं कान देऊन ऐकत होती.

"आजी, ती मी नव्हते," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "ते यंत्र आहे. त्याला जखमेचा वास येत नाही, मला येतोय. तुम्हाला साखर आहे. आज पट्टी सोडली नाही तर पाय जाईल."

"यंत्र?" गयाबाई खट्टू झाल्या. "अन् मी त्याला सुनेचं गाऱ्हाणं सांगत बसले. मधे एकदा तोंड घातलं नाही बघा त्यानं. तुम्हाला कुठला येवढा वेळ?"

मृणाल खुर्ची सोडून त्यांच्या पायाशी बसल्या. "सांगा. काय म्हणते सून?"

"काय म्हणणार? सारखं एकच, डॉक्टरला पाय दाखवा," असं म्हणत गयाबाई स्वतःच पट्टी सोडू लागल्या.