क्लीव्ह

लग्नात म्हणायची शपथ होणाऱ्या जावयाने इंग्रजीत लिहून पाठवली होती. श्रीरामपूरचे शांतवन साळवे ती वाचताना 'क्लीव्ह' या शब्दाशी अडखळले. त्यांनी डिक्शनरी उघडली. अर्थ होता, कुऱ्हाडीने चिरणे.

"एस्तेर, हा चर्चमध्ये सगळ्यांसमोर तुला चिरायची शपथ घेतोय! मी लग्न मोडतो."

एस्तेरने डिक्शनरी ओढून घेतली, बोट खाली सरकवलं आणि एकदम हसू लागली. "पप्पा, दुसरा अर्थही आहे. घट्ट बिलगून राहणे."

साळव्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि जावयाला फोन लावला. "जावईबापू, शपथ मराठीतच घ्या."

"का पप्पा, काही चुकलं?"

"तुमचं नाही हो. आमच्या घराण्याला पहिलाच अर्थ वाचून भांडायची खोड आहे."