पाळण्यामागच्या कळ्या

बाळाच्या खोलीतला जुना वॉलपेपर काढावा की ठेवावा, हे विचारायला मी कारागिराला बोलावलं.

"काढताय कशाला, ताई? शंभर वर्षांपूर्वी यंत्राच्या मालाला विटून लोक पुन्हा हातकामाकडे वळले, तेव्हाचा हा. एकाच लाकडी ठशाने छापलाय. वेल, पान, कळी, सगळीकडे सारखीच."

"मग पाळण्यामागच्या कळ्या उमललेल्या कशा?"

तो हसत वाकला. पट्टी लावून मोजता मोजता त्याचं हसू मावळलं.

"एका ठशातून दोन तऱ्हा निघत नाहीत, ताई."

मला भीतीपेक्षा नवलच वाटलं. पाळणा समोरच्या भिंतीशी सरकवला. चहा टाकून आले, तर तिथल्या कळ्याही उमललेल्या.

पाळण्यात माझी सोनुली खुदखुदत होती. तिची इवलीशी मूठ मी हलकेच उघडली. तळव्यावर हिरवा रंग होता, अजून ओला.