नव्वद मीटरचं मैदान

लांबी-रुंदीचा धडा पुस्तकाबाहेर काढायचा म्हणून बिडकीनच्या एका शाळेतल्या गजाला मॅडमनी पाचवीच्या मुलांच्या हातात टेप दिला आणि मैदान मोजायला लावलं. कागदोपत्री मैदान नव्वद मीटर लांब होतं, पण मुलांचं उत्तर तिन्ही वेळा ब्याऐंशीच आलं. "सरकारी कागद कसा चुकेल? तुमचंच चुकतंय. पुन्हा मोजा," मॅडम म्हणाल्या.

मैदानाला लागूनच शाळा समितीचे अध्यक्ष व्यंकटराव यांचा बंगला. सकाळपासून ते गच्चीवर येरझाऱ्या घालत होते. चौथ्यांदा टेप पसरला तेव्हा त्यांना राहवेना.

"ओ मॅडम, ऊन लई झालंय, पोरं आजारी पडतील. आठ मीटरनं काय बिघडतंय? न्या की वर्गात!"

"नाही साहेब. उत्तर जुळल्याशिवाय आज सुट्टी नाही."

व्यंकटराव घाम पुसत खाली उतरले, तोच स्वयंपाकघरातून त्यांची पाचवीतली नात आनंदानं ओरडली,




"आजोबा, जुळलं! टेप खिडकीतून आत घेतला की आपल्या फ्रीजपाशी बरोब्बर नव्वद भरतात!"