किव्याची तुळई

नवा किवा खोदून झाला होता; जमिनीखालच्या त्या पूजाघराचं छत बाकी होतं. छताची तुळई डोंगरातून खांद्यावरच आणायची, वाटेत जमिनीला टेकवायची नाही, अशी आमची रीत. माझा नवरा आणि त्याचे सोबती ती मिरवत आले. “जावयाचे खांदे बघा गं!” मावशी ओरडली. “तुमचे नवरे रिकामा घडा उचलतानाही कण्हतात.” तुळई धुताना लाकडात रुतलेला वाटेवरचा खडा माझ्या बोटाला लागला. मी तो गुपचूप नखाने उकरू लागले, तेवढ्यात नवऱ्याने माझा हात धरला. “राहू दे.” तो पुजारी मामांकडे वळला. “मामा, टेकली होती. मीच म्हटलं, टेकवू या.” मामांनी तुळईवरून हात फिरवला. “इथे नको, जावईबापू. बायकोच्या घराला लावा.” आता ती आमच्या अंथरुणावरच्या छतात आहे. उकाड्यातही नवरा टर्कीच्या पिसांचं पांघरूण डोक्यावरून ओढून झोपतो.